चाळीस जणांचा एक हात

सात महिन्यांची रजा संपवून चित्कला बांदेकर कोल्हापूर विमानतळावर परत कामावर रुजू झाली, तेव्हा तिच्या ओळखीचं एकच विमान तिथे उरलं होतं आणि त्याचेही पंखे उतरवून ठेवलेले होते. आठ वर्षं ती 'पश्चिमा एअर'मध्ये त्याच जातीची विमानं सहवैमानिक म्हणून उडवत आली होती. आता हँगरसमोर पांढरीशुभ्र नवी विमानं ओळीनं उभी होती. पन्नास आसनं, दोन विजेच्या मोटरी आणि शेपटाकडे मोटरींना वीज पुरवणारं छोटं जनित्र. कंपनीत सगळे त्यांना नुसतं 'हायब्रिड' म्हणत.

"एकतीस ऑक्टोबरला जुनी विमानं परत गेली आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ हायब्रिड उडाली," चीफ पायलट नोएल लोबो तिला सांगत होते. त्यांच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता. "चव्वेचाळीस पायलट आणि सिम्युलेटर एकच. जुन्या पद्धतीनं प्रत्येकाला पंचेचाळीस दिवस लागले असते. सगळे तयार होईपर्यंत दोन वर्षं गेली असती आणि तोवर आपली कंपनी शिल्लक राहिली नसती."

"मग जमलं कसं, सर?"

"निद्रापाठ. नऊ दिवसांत माणूस तयार. हेरंबनं सांगितलं असेलच की."

हेरंब तिचा नवरा. त्यानं सांगितलं होतं, पण तेव्हा जुई तीन आठवड्यांची होती आणि चित्कलाच्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की हेरंब नऊ दिवस कंपनीच्या वसतिगृहात झोपायला गेला आणि दहाव्या दिवशी त्याला कॅप्टनचे चार पट्टे मिळाले.

"मला कधी पाठवता?"

लोबोंनी तिच्याकडे पाहिलं. "रात्री सलग चार तास झोप होते तुझी?"

चित्कला हसली. जुई दर दोन तासांनी उठत होती.

"मग नाही चालणार. गाढ झोप मोडली की सगळं फुकट जातं. तुझ्यासारखे आणखी दोघं आहेत, घोरणारे. झोपेत त्यांचा श्वास अडकतो. तुम्ही तिघं जुन्या पद्धतीनं शिका. पुस्तकं घ्या, आणि सिम्युलेटर रिकामा मिळेल तेव्हा बसा."

दिवसभर हातांनी केलेली गोष्ट मेंदू झोपेत पुन्हा गिरवतो, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून ठाऊक होतं. गाढ झोपेत मेंदूतून संथ लहरी जात असतात, साधारण सेकंदाला एक. त्या लहरींच्या चढावर दिवसाचं शिक्षण पक्कं होत जातं. सायकल शिकणाऱ्या मुलाला संध्याकाळी न साधलेला तोल सकाळी अचानक साधतो, तो त्यामुळेच. पश्चिमा एअरनं ज्यांच्याशी करार केला होता त्या डॉ. इशरत काझींनी या पक्कं होण्याला हवी ती दिशा दिली. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक कृतीबरोबर शिकणाऱ्याच्या कानात एक ठरावीक बारीक सूर वाजायचा. रात्री तो झोपला की तोच सूर पुन्हा वाजायचा, लहरीच्या नेमक्या चढावर आणि जाग येणार नाही इतका हळू. सूर आला की मेंदू ती कृती गिरवी. एका रात्रीत शेकडो वेळा.

पण गिरवायचं तर कित्ता हवा. तो कित्ता होता कॅप्टन दिगंबर राजाध्यक्ष यांचा. एकसष्ट वर्षांचे राजाध्यक्ष कंपनीतले सगळ्यात जुने आणि सगळ्यात निष्णात वैमानिक. हायब्रिड शिकायला ते सर्वांआधी जाऊन आले. मग त्यांच्या हातापायांना संवेदक बांधून सिम्युलेटरमध्ये सहाशे वेळा त्यांच्यासमोर एकेक मोटर बंद पाडली गेली. सहाशेही वेळा त्यांनी बरोबर मोटर ओळखली आणि ती पूर्ण बंद करायला तिचा दांडा मागे ओढला, तोही सेकंदाच्या आत. शिकणाऱ्यांच्या हातमोज्यांमधून आणि पायाखालच्या पेडलांमधून तीच हालचाल, त्याच वेगानं, हलकेच ढकलली जाई. रात्री मेंदू ती गिरवून पक्की करी. नऊ-नऊ दिवसांत चाळीस जणांना राजाध्यक्षांचे हातपाय मिळाले. वैमानिक या सगळ्याला 'झोपशाळा' म्हणत.

चित्कलाचं शिक्षण मात्र रखडत चाललं. सिम्युलेटर मिळायचा तो उरल्यासुरल्या वेळात. म्हणून तिनं कॉकपिटच्या पडद्यांची मोठी कागदी चित्रं काढून घरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवली. जुईला पाजताना ती समोर बसे आणि आकडे मोठ्यानं वाचत जाई. डावी मोटर, उजवी मोटर, डावीचं तापमान, उजवीचं तापमान. हेरंब येताजाता हसायचा.

"अगं, हे इतकं घोकायची गरजच नसते. पायाला कळतं. हात आपोआप जातो."

"तुझा जातो. माझ्या हाताला अजून विचारावं लागतं."

एका सकाळी तो चहा टाकत होता. गॅसचं बटण फिरवण्याआधी त्यानं त्यावर दोन बोटांनी टक् टक् केलं. चित्कलाला हसू आलं.

"हे राजाध्यक्ष सरांचं आहे."

"काय?"

"दोन बोटं. दांडा ओढण्याआधी सर नेहमी असंच करतात. आठ वर्षं बघतेय मी."

हेरंबनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "मी काहीच केलं नाही."

त्याला खरंच कळलं नव्हतं. दोघं हसले आणि विषय तिथेच राहिला.

जानेवारीत, पंचेचाळीसऐवजी सत्तर दिवसांनी, चित्कला उत्तीर्ण झाली. आठवड्याभरातच रोस्टरवर तिचं नाव राजाध्यक्षांबरोबर लागलं. मार्ग चिपी ते नाशिक.

सकाळी दहाच्या सुमाराला त्यांनी चिपीच्या पठारावरून उड्डाण केलं. मागे सेहेचाळीस प्रवासी होते. विमान राजाध्यक्ष चालवत होते. चित्कला उजवीकडे बसून पडद्यांवर लक्ष ठेवत होती आणि नियंत्रण कक्षाशी बोलत होती. खाली आंब्याच्या बागा धुरकट दिसत होत्या. समोर सह्याद्रीचा कडा होता आणि त्याच्या माथ्यावर ढग बसले होते. तो ओलांडायचा तर आणखी बरीच उंची घ्यायला हवी होती.

"बाळ कसं आहे?" राजाध्यक्षांनी विचारलं.

"दात येतायत, सर. घरात कुणी झोपत नाही."

ते काहीतरी म्हणणार होते, इतक्यात एकच घंटा वाजली. पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली: मोटर. डावी की उजवी ते वर लिहिलेलं नसे. त्यासाठी खालचे आकडे वाचावे लागत.

राजाध्यक्षांचा हात घंटेबरोबरच हलला. दोन बोटांची टकटक झाली.

"राइट मोटर. कन्फर्म?"

नियम असा होता की एकानं मोटर सांगायची, दुसऱ्यानं स्वतः खात्री करून होकार द्यायचा आणि मगच दांडा हलवायचा. चित्कलाची नजर कपाटाच्या दारावर शिकलेल्या क्रमानं खाली गेली. डावी चोपन्न टक्के. उजवी शंभर.

"नाही सर, लेफ्ट! लेफ्ट जातेय!"

पण उजवा दांडा अर्ध्यावर आला होता. राजाध्यक्षांचा हात थांबला नव्हता. त्यांचे डोळे समोर होते, चेहरा शांत होता, आणि हात आपल्या कामात होता. विमानाचा आवाज एकदम उतरला आणि आसन अंगाखालून खाली गेल्यासारखं झालं. उंचीचा आकडा घसरायला लागला.

आठ वर्षांत तिनं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. आता तिनं त्यांचं मनगट पकडलं आणि हातासकट दांडा पुढे लोटला.

"सर, हात काढा! विमान माझ्याकडे!"

क्षणभर मनगट तिच्या मुठीत ताठ राहिलं. मग सैल पडलं.

"तुझ्याकडे," ते म्हणाले.

उजवी मोटर पुन्हा जोर धरू लागली. डावी अडतीसवर आली होती. समोरचा कडा आता सबंध काच भरून दिसत होता. झाडं वेगळी दिसावीत इतका जवळ. चित्कलानं नाक किंचित खाली घेतलं, वेग सांभाळला आणि विमान समुद्राच्या दिशेनं वळवायला सुरुवात केली. वळण संपता संपत नव्हतं. काचेतून कडा सरकत गेला, मग दरी, मग बागा, आणि शेवटी पाण्याची चमकती रेघ.

"आता लेफ्ट मोटर, सर. कन्फर्म करा," ती म्हणाली.

राजाध्यक्षांनी पडदा पाहिला. खूप वेळ पाहिला. "लेफ्ट. कन्फर्म," ते म्हणाले.

अकरा मिनिटांनी ते चिपीला उतरले. उतरताना एका बाईंनी चित्कलाला विचारलं, "काय हो, काही विसरलं होतं का?" ती म्हणाली, "हो."

दुसऱ्या दिवशी लोबोंच्या खोलीत सगळं आधीच ठरल्यासारखं होतं.

"मोटरचं नियंत्रक तापलं होतं, ते कारखानदार बदलून देतायत. राहिला चुकीचा दांडा," लोबो म्हणाले. "वय, दुसरं काय? राजाध्यक्षांनी स्वतःच निवृत्ती मागितलीय. तू मात्र सेहेचाळीस माणसं वाचवलीस. वर्षाअखेर तुला कॅप्टन करायचं माझ्या मनात आहे."

"सर, त्यांचा हात विचारायला थांबलाच नाही. मी नाही म्हटलं तरी तो जातच होता."

"तेच तर म्हणतोय. म्हातारपण."

चित्कला बाहेर आली. तिला पटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा हात अडखळतो, उशीर करतो. हा हात विजेसारखा गेला होता. गाडीत बसून तिनं किल्ली फिरवली आणि तशीच थांबली. तिला गॅसच्या बटणावरची दोन बोटं आठवली. टकटक जर उतरली असेल, तर आणखी काय काय उतरलं असेल?

ती तडक डॉ. काझींच्या प्रयोगशाळेत गेली. इशरत काझी पन्नाशीच्या, रत्नागिरीच्या. बोलताना सारख्या उभ्या राहणाऱ्या. त्यांनी उड्डाणाची नोंद मागवली, पडद्यावर लावली आणि एक रेघ बोटानं दाखवली.

"मोटर एकदम बंद पडली नाही. शंभरावरून चोपन्नवर यायला तिला पन्नास सेकंद लागले. आम्ही सहाशे वेळा नोंद घेतली ना, त्यात प्रत्येक वेळी मोटर झटक्यात बंद केली होती. हळूहळू मेलेली मोटर आम्ही एकदाही दाखवली नाही."

"पण फरक काय पडतो?"

"तुम्ही सांगा. जुन्या विमानात बंद पडलेलं इंजिन कसं ओळखायचात?"

"पायानं. डावं गेलं की नाक डावीकडे वळतं. ते सरळ ठेवायला मी उजवं पेडल दाबते. डाव्या पायाला काम उरत नाही. ज्या पायाखाली ढिलं, त्या बाजूचं इंजिन मेलं." बोलता बोलता ती थांबली. "हायब्रिडमध्ये पेडल संगणक फिरवतो."

"झटक्यात बंद पडली तर माणूस संगणकाच्या आधी पाय मारतो. तेव्हा पायाचं गणित बरोबर येतं. पण मोटर हळू मरत असेल तर?"

चित्कलानं डोळे मिटून पाय हलवून पाहिले. डावी मोटर मरतेय. संगणक गुपचूप उजवं पेडल पुढे नेतोय. ते उजव्या पायापासून दूर जातंय, आणि डावं पेडल मागे येऊन डाव्या पायाला रेटतंय.

"उजवा पाय ढिला पडतो," ती म्हणाली. "म्हणजे पाय उलटं सांगतो."

इशरत खाली बसल्या. "तीस वर्षांचा पाय. माणसाला कळायच्या आत हाताला हुकूम देणारा. आणि तो मी चाळीस जणांना दिलाय."

चित्कलाच्या लक्षात त्याहून भयंकर गोष्ट आली. कॉकपिटमध्ये दोन माणसं का बसवतात? कारण दोघं एकाच वेळी एकसारखं चुकत नाहीत. एकाची चूक दुसऱ्याला दिसते. पण दोघांचेही पाय राजाध्यक्षांचे असतील तर? एक उजवी म्हणेल आणि दुसरा मनापासून होकार देईल.

"हे पुसता येतं?" तिनं विचारलं.

"नाही. वर दुसरं लिहिता येतं. खालचं अक्षर राहतं."

सिम्युलेटर दुपारी दोन तास रिकामा होता. चित्कलानं हेरंबला आणि त्याच्याबरोबर नेहमी उडणाऱ्या मिहीर रेगे या सहवैमानिकाला बोलावून घेतलं. मोटर बंद पाडणार हे त्यांना सांगितलं. कशी, ते सांगितलं नाही.

"पाडा की," हेरंब म्हणाला. "डोळे बांधून दाखवतो."

पहिल्यांदा मोटर झटक्यात बंद केली. हेरंबनं बरोबर ओळखली, मिहीरनं होकार दिला, दांडा मागे. एक सेकंदही नाही. दुसऱ्यांदा इशरतनी डावी मोटर पन्नास सेकंदांत हळूहळू उतरवली. घंटा वाजली.

दोन बोटांची टकटक.

"राइट मोटर. कन्फर्म?"

"राइट. कन्फर्म," मिहीर म्हणाला. त्यानं पडद्याकडे पाहिलंसुद्धा होतं.

उजवा दांडा मागे गेला. दोन्ही बाजूंचा आवाज उतरला. काचेवरचं खोटं जंगल वर आलं आणि सगळा पडदा लाल झाला.

हेरंब म्हणाला, "यंत्रात घोळ आहे. उजवीच गेली होती."

चित्कलानं नोंद दाखवली. त्यानं पुन्हा करायला लावलं. सहा वेळा केलं, आणि सहापैकी पाच वेळा ते जमिनीवर आदळले. चौथ्या वेळेपासून तर काय होणार ते त्याला माहीत होतं. तो आकडे मोठ्यानं वाचत होता, "डावी साठ, डावी चोपन्न," आणि त्याचा हात उजव्या दांड्याकडे निघाला होता.

मिहीर उठून बाहेर गेला. हेरंब आसनावरच बसून राहिला.

"काय करणार आहेस?" त्यानं विचारलं.

"लिहून देणार. सुरक्षा निरीक्षकांना."

"लोबोंना सांग. ते काहीतरी करतील."

"ते राजाध्यक्ष सरांना घरी पाठवतील आणि बाकी सगळं चालू ठेवतील. उद्या सकाळी सहाला तुझी नांदेडची फेरी आहे, हेरंब."

"मोटर अशी हळू मरणं किती दुर्मीळ आहे, माहितीये तुला? तीन महिन्यांत एकदा."

"तीन महिन्यांत एकदा. आणि त्या एका वेळी शेजारी मी होते म्हणून."

तो उसळला. "तू! तुला काय होतंय बोलायला? तुझी नोकरी राहणार. चाळीस माणसं घरी बसतील. नऊ विमानं गंजतील. मला हे चार पट्टे नऊ वर्षांनी मिळालेत, चितू. त्यातलं खोटं काय होतं? मी शिकलो ते खोटं होतं?"

ती म्हणाली, "उद्या आजारी आहे म्हणून सांग. एवढं कर." तो निघून गेला. पण दुसऱ्या दिवशीच्या रोस्टरवर त्याच्या नावासमोर 'आजारी' आलं.

अहवालावर सही करण्याआधी ती रुईकर कॉलनीत राजाध्यक्षांकडे गेली. ते एकटेच होते. टेबलावर निवृत्तीचा अर्ज नीट घडी घालून ठेवलेला होता.

"तू आलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "मी कालपासून तेच बघतोय. माझे डोळे उघडे होते. तू नाही म्हणालीस ते ऐकू आलं. मग हात का गेला? म्हणजे मी संपलो. बस, चहा घे आणि जा. याच्यावर आणखी काही बोलू नकोस."

"सर, हे एकदा बघा." तिनं फोनवर सिम्युलेटरमधलं चित्रण लावलं.

हेरंबचा हात. टकटक. उजवा दांडा. मिहीरचा होकार. लाल पडदा.

त्यांनी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उपडा ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"हा हात माझा आहे," ते म्हणाले.

"चाळीस जणांना दिलाय, सर."

"मला मोठा मान वाटला होता गं. कित्ता म्हणून निवडला तेव्हा." "एक माणूस चुकला तर विमानात दुसरा असतो. आम्ही तो दुसराच काढून टाकला." मग ते उठले, अर्जाचा कागद उचलला आणि फाडला. "मी आत्ता निवृत्त झालो तर सगळे म्हणतील, म्हातारा होता, चुकला. मला घरी जाऊन चालणार नाही. तुझ्या अहवालावर माझी सही घे. आणि निरीक्षकांना म्हणावं, सिम्युलेटरमध्ये मला बसवा. त्यांच्यासमोर मी चुकून दाखवतो."

आणि ते खरंच चुकले. चार निरीक्षक, लोबो आणि कंपनीचे संचालक मागे उभे असताना, आपण चुकणार हे माहीत असताना, ते अकरापैकी नऊ वेळा चुकले. प्रत्येक वेळी विमान आदळलं की ते शांतपणे म्हणत, "पुन्हा लावा." शेवटी लोबोच म्हणाले, "पुरे, सर." त्यांचे डोळे भरले होते.

त्या संध्याकाळी पश्चिमा एअरची नऊही विमानं उभी राहिली.

पुढचे पाच महिने वाईट गेले. जळगाव, नांदेड, चिपी, सगळे मार्ग बंद झाले. काही वैमानिक चित्कलाशी बोलेनासे झाले. मिहीरनं नोकरी सोडली. हेरंब घरात होता, जुईला सांभाळत होता, पण दोघांमध्ये कामापुरतं बोलणं उरलं होतं. तो रोज सकाळी सिम्युलेटरला जाई. कपाटाच्या दारावरची कागदी चित्रं आता तो वाचत असे, आणि ती खोलीत आली की थांबत असे.

इशरतनी झोपशाळा बंद केली नाही. आता तिथे एकच कित्ता नव्हता, आणि सूर फक्त डोळ्यांनी आकडे वाचण्यासाठी वाजे. हाताचं शिक्षण दिवसाचं आणि जागेपणीचं. चाळीसपैकी सव्वीस जणांना परत उडण्याची परवानगी मिळाली, पण त्यांच्या पायातली जुनी खूण कुणालाच पूर्ण घालवता आली नाही. वीस चाचण्यांत एखाद्या वेळी हात अजूनही निघे. म्हणून निरीक्षकांनी अट घातली: प्रत्येक कॉकपिटमध्ये दोघांपैकी एक जण राजाध्यक्षांच्या कित्त्यावर न शिकलेलाच हवा.

असे तिघंच होते, चित्कला आणि दोन घोरणारे. लोबोंनी नव्या भरतीची जाहिरात दिली आणि तोवर दोनच विमानं सुरू केली. नवराबायकोला एका विमानात बसवायचं नाही हा कंपनीचा जुना नियम होता. माणसंच नव्हती, तेव्हा तोही गेला.

जूनच्या शेवटी चित्कलानं रोस्टर उघडलं. कोल्हापूर ते नागपूर. कॅप्टन हेरंब बांदेकर. सहवैमानिक चित्कला बांदेकर. तिला कॅप्टन करण्याबद्दल कुणीच पुन्हा बोललं नव्हतं.

ते दोघं आपापल्या आसनांवर बसले. पट्टे आवळले. उड्डाणाआधी कॅप्टननं सहवैमानिकाला सगळं समजावून सांगायचं असतं. हेरंबनं हवा सांगितली, वजन सांगितलं, बिघाड झाला तर कुठे परत वळायचं ते सांगितलं. मग तो थांबला. पुढचं कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

"माझा हात तुझ्या होकाराआधी निघाला," तो समोर बघत म्हणाला, "तर तो धर. मला विचारत बसू नकोस. जोरात धर."

"धरीन."

"मी नंतर चिडणार नाही."

"चिडलास तरी चालेल."

तो पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे वळून हसला. थोडंसंच.

"आणि माझं चुकलं तर?" तिनं विचारलं.

"मी विचारीन. मला आता सगळं विचारायची सवय लागलीय."

खालून मेकॅनिकनं अंगठा दाखवला. मागच्या दारातून शेवटचा प्रवासी आत आला आणि दार बंद झालं. चित्कलानं यादी मांडीवर घेतली आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली. हेरंबनं आधी आकडा पाहिला, मग उत्तर दिलं. मग तिनंही तो आकडा स्वतः पाहिला आणि दुसऱ्या ओळीवर गेली.